शेंबडी नाकं आणि डोंगरातले गोरिला

युगांडा किंवा रवांडात गोरिला पाहायला जायचं तर परमिट काढताना पासपोर्टवरची जन्मतारीख द्यावी लागते. 15 वर्षं पूर्ण नसतील तर परमिट नाही. शेजारच्या काँगोतल्या विरुंगा राष्ट्रीय उद्यानातही हीच अट आहे. "आम्ही जबाबदारी घेतो" असं आईवडिलांनी सांगून भागत नाही.

दिवाळीच्या नाहीतर मेच्या सुट्टीत आफ्रिकेला जाणारी मराठी कुटुंबं आता विरळ राहिलेली नाहीत, आणि त्यांचं घोडं नेमकं इथे अडतं. थोरली 16 वर्षांची, धाकटा 11 वर्षांचा. मग एक जण धाकट्याला घेऊन लॉजवर थांबतो आणि बाकीचे जंगलात जातात. अट कशासाठी, असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, एवढं अजस्र जनावर, पोराला काही केलं तर? ही काळजी खोटी नाही. पण माझ्या मते या अटीचा खरा गाभा उलट दिशेला आहे. गोरिलामुळे मुलाला जेवढा धोका आहे, त्याहून कितीतरी मोठा धोका मुलाच्या वाहत्या नाकामुळे गोरिलाला आहे.

आधी गोरिला किती उरलेत ते पाहू. डोंगरी गोरिला जगात दोनच ठिकाणी आहेत. एक विरुंगा ज्वालामुखींची रांग, जी रवांडा, युगांडा आणि काँगो अशा तीन देशांत पसरली आहे. दुसरं युगांडातलं ब्विंडीचं जंगल आणि त्याला लागून काँगोत गेलेला त्याचा छोटा तुकडा. 2018 पर्यंतच्या गणनांची बेरीज 1,063 भरली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला विरुंगात जेमतेम अडीचशे उरले होते, तिथून ही संख्या वर आली आणि 2018 मध्ये त्यांना 'अतिसंकटग्रस्त' यादीतून एक पायरी खाली आणता आलं. तरीही हजारच. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या शाळेच्या पटावर याहून जास्त मुलं असतात. यातला एकही गोरिला कुठल्या प्राणिसंग्रहालयात नाही. जे आहेत ते एवढेच. मादी साधारण दहाव्या वर्षी पहिल्यांदा विते आणि पुढे दर चार वर्षांनी एक पिल्लू देते. त्यामुळे एक तरुण मादी गेली तर ती भर निघायला अनेक वर्षं जातात.

आता मुलांकडे वळू. जूनमध्ये शाळा उघडली की पंधरा दिवसांत घरोघरी पडसं येतं, हे कुठल्याही आईला सांगायला नको. लहान मुलाला वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होते, मोठ्या माणसाला दोन ते चार वेळा. कारण साधं आहे. सर्दीखोकल्याचे विषाणू शेकड्यांनी आहेत आणि मुलाच्या शरीराची त्यातल्या प्रत्येकाशी पहिली ओळख बालपणातच होते. श्वसनमार्गाला ग्रासणारा आरएसव्ही वयाच्या दोन वर्षांपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला गाठतो. 2001 मध्ये नेदरलँड्समध्ये ओळख पटलेला मेटान्यूमोव्हायरस पाच वर्षांपर्यंत बहुतेकांना होऊन जातो. पहिल्या लागणीत विषाणू शरीरात भरपूर वाढतो आणि बरं वाटू लागल्यावरही नाकातून बाहेर पडत राहतो. त्यात मुलाचा हात नाकाला, तोच हात पानाला, रेलिंगला, मास्कला. बारा-पंधरा वर्षांत हा सगळा अभ्यासक्रम बराचसा पुरा होतो. 15 या आकड्यात जादू नाही. चौदाव्या वर्षी धोका आणि पंधराव्या वाढदिवसाला सुटका, असं शरीरात काही घडत नाही. कुठेतरी रेघ मारायची होती, ती विचारपूर्वक मारली आहे.

आपल्या पोराला चार दिवस आडवं करणारा विषाणू वानरकुळात गेला की काय करतो, याची नोंद आता चांगलीच जमली आहे. 2009 मध्ये रवांडात हिर्वा नावाच्या कळपातल्या 12 पैकी 11 गोरिलांना खोकला-सर्दी झाली. एक प्रौढ मादी आणि एक नवजात पिल्लू दगावलं. त्यांच्या नमुन्यांत माणसांतला मेटान्यूमोव्हायरस सापडला. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात चिंपांझींमध्ये 1999 पासून खोकल्याच्या साथी येत होत्या. मेलेल्यांच्या ऊतींत आरएसव्ही आणि मेटान्यूमोव्हायरस मिळाल्याचं 2008 मध्ये प्रसिद्ध झालं, आणि ते विषाणू त्या काळात जगभरच्या माणसांत फिरणाऱ्यांच्याच जातकुळीचे निघाले. युगांडाच्या किबाले जंगलात 2013 मध्ये 56 चिंपांझींच्या कळपातले पाच मेले. त्यात बेट्टी नावाचं दोन वर्षांचं पिल्लू होतं. तिच्या शरीरात मिळालेला विषाणू होता ऱ्हायनोव्हायरस-सी, म्हणजे मुख्यतः लहान मुलांना होणाऱ्या सर्दीचा. त्याच जंगलातल्या न्गोगो या मोठ्या कळपात 2016 च्या शेवटाला मेटान्यूमोव्हायरस घुसला आणि दोनशेंवर चिंपांझींपैकी 25 गेले.

एवढी दैना का व्हावी? एक कारण नात्याचं आहे. आपल्या पेशींवरच्या ज्या कुलपांची किल्ली या विषाणूंकडे आहे, जवळजवळ तीच कुलपं त्यांच्या पेशींवरही आहेत. चिंपांझींच्या बाबतीत तर ऱ्हायनोव्हायरस-सी ज्या प्रथिनाला धरून आत शिरतो, त्याचं विषाणूला सोयीचं रूपच तपासलेल्या सगळ्यांत आढळलं. माणसांत ते थोड्यांकडेच असतं, आणि ज्या मुलांकडे असतं त्यांना दम्याचा त्रास जास्त होतो.

दुसरं कारण मला जास्त बोलकं वाटतं, आणि ते निव्वळ अंकगणिताचं आहे. गोवरासारखा विषाणू एकदा होऊन गेला की शरीर त्याला पुन्हा दाद देत नाही. त्यामुळे वस्तीत टिकून राहायला त्याला सतत नवी, न बाधलेली बाळं लागतात. माणसांत यासाठी काही लाखांची वस्ती लागते, असं हिशेब सांगतो. हजार गोरिलांमध्ये हा रोग स्वतःच्या बळावर चार दिवस टिकणार नाही. म्हणजे त्यांना तो कधी होत नाही, आणि म्हणूनच त्यांच्या शरीराला त्याची ओळखही नसते. बाहेरून कुणी आणला तर कळपातलं पिल्लू आणि म्हातारा सिल्व्हरबॅक, म्हणजे पाठीवर रुपेरी केस आलेला प्रौढ नर, दोघेही सारखेच कोरे. 1988 मध्ये रवांडात श्वसनरोगाच्या साथीत काही गोरिला दगावले, गोवराचा संशय आला, आणि पशुवैद्यांनी जंगलात फिरून सुईच्या बाणांनी गोरिलांना गोवराची लस टोचली. रानटी जनावराला माणसाच्या बाळाची लस द्यावी लागली, यावरून नातं किती जवळचं ते कळावं.

मग अंतर राखलं की झालं, असं वाटेल. नियम आहेतच: एका कळपाला दिवसाला जास्तीत जास्त आठ पर्यटक, सोबत एकच तास, किमान सात मीटर अंतर. कोविडनंतर ते दहा मीटर करण्यात आलं आणि तोंडावर मास्क आला. पण ब्विंडीत संशोधकांनी पर्यटकांना विचारून काढलेलं सर्वांत जवळच्या अंतराचं सरासरी माप 2.76 मीटर निघालं. हे 2006 मध्ये प्रसिद्ध झालं. 2020 च्या एका अभ्यासात पाहिलेल्या फेऱ्यांपैकी 98 टक्के फेऱ्यांत सात मीटरचा नियम मोडला गेला होता. दोष फक्त माणसांचा नाही. झाडी दाट, उतार निसरडा, मागे सरकायला जागा नाही. आणि गोरिलाची पिल्लं आपल्या पोरांइतकीच चौकस, स्वतःच चालत येऊन बुटाची नाडी ओढतात. अशा वेळी समोर 10 वर्षांचं मूल असेल, तर ते हात पुढे करणार नाही याची खात्री कोण देईल? आणि सिल्व्हरबॅक छाती बडवत अंगावर आल्याचा आव आणतो तेव्हा मान खाली घालून जागीच बसायचं असतं, पळायचं नसतं. दीड-दोनशे किलोचा नर समोर असताना हे मोठ्यांनाही जड जातं. शिवाय चढण, चिखल, खाजकोयरीसारखी अंग पेटवणारी झुडपं आणि कधीकधी सहा-सात तासांची पायपीट आहेच.

एवढं असूनही एक गोष्ट मनातून जात नाही. किबालेच्या आसपासच्या गावांत टोनी गोल्डबर्ग यांच्या संशोधकगटाने मुलांच्या, त्यांच्या आईवडिलांच्या आणि जंगलात काम करणाऱ्या माणसांच्या नाकातले नमुने तपासले. चिंपांझींना मारणारे विषाणू मुलांत तर होतेच, पण काहीही लक्षणं नसलेल्या मोठ्या माणसांतही होते. मुलाकडून बापाकडे आणि बापाकडून जंगलात, अशी ही वाट आहे. बापाला शिंकही आलेली नसते. म्हणजे धाकट्याला लॉजवर ठेवून जाणारे आईवडील त्याचं पडसं खिशात घालून जाऊ शकतात. वयाची अट ही चाळणी आहे, मोठे खडे ती अडवते, बारीक कण जातात. म्हणून ती काढून टाकावी असं मी मुळीच म्हणणार नाही. तिच्यावरच विसंबून मास्क ढिला करू नये, इतकंच.

पर्यटकांच्या मुलांना थांबवता येतं, पण जंगलाला खेटून राहणाऱ्या गावांतल्या मुलांचं काय? ब्विंडीच्या कडेला शेतं जंगलाला भिडलेली आहेत आणि गोरिला केळीच्या बागेत उतरतात. 1996 मध्ये तिथल्या एका कळपाला खरूज झाली, अंगावरचे केस झडले आणि एक पिल्लू मेलं. उपचार करणाऱ्या पशुवैद्य ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी माग काढला तो गावापर्यंत गेला. शेतातल्या बुजगावण्यांवर घातलेल्या जुन्या कपड्यांतून किडे आले असावेत, असा अंदाज होता. पुढे 2003 मध्ये त्यांनी अशी संस्था काढली, जी गोरिलांच्या तब्येतीसोबत गावकऱ्यांचीही तब्येत पाहते. गावात खरूज आणि क्षय आटोक्यात आला तर जंगलही सुरक्षित होईल, हा त्यामागचा विचार. पर्यटकांवरच्या अटीपेक्षा हे काम मला मोलाचं वाटतं, कारण पर्यटक तासाभराने निघून जातो, गाव तिथेच असतं.

खर्चाची गोष्टही लपवण्यात अर्थ नाही. रवांडाचं परमिट 2017 पासून 1,500 डॉलरचं आहे, युगांडाचं 2024 पासून 800 डॉलरचं. या पैशातूनच राखणदारांचे पगार निघतात आणि काही वाटा गावांना मिळतो. पर्यटन नसतं तर हजाराचा आकडा गाठलाच नसता. पण एवढे पैसे भरून सकाळी घसा खवखवत असेल, तर ते गाईडला किती जण सांगतील? आजारी माणसाला जाऊ देत नाहीत, हे माहीत असल्यावर तर आणखीच कठीण.

15 वर्षांखालच्या मुलांना गोरिला दाखवायचाच असेल तर म्हैसूर जवळ आहे. तिथल्या प्राणिसंग्रहालयात 2021 मध्ये जर्मनीहून दोन नर आले. ते पश्चिमेकडच्या सखल प्रदेशातल्या जातीचे आहेत, डोंगरी नव्हेत, पण मुलाला एका गोरिलाच्या नाकाच्या सुरकुत्या दुसऱ्याशी जुळत नाहीत हे तिथेही पाहता येईल. ब्विंडीतले राखणदार याच नाकांवरून गोरिला ओळखतात.

आणि ज्यांच्या घरी पाच वर्षांचं मूल आहे असे आईबाप परमिट घेऊन निघणार असतील, त्यांच्यासाठी आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलातल्या संशोधकांचा शिरस्ता सांगते. तिथे बाहेरून आलेला माणूस आधी पाच दिवस वेगळा राहतो, रोज खोकला-ताप तपासतो आणि मगच चिंपांझींच्या वाटेला जातो. पर्यटकाला पाच दिवस थांबणं परवडत नाही. पण गोरिलाचा दिवस सहलीच्या सुरुवातीला न ठेवता शेवटी ठेवता येतो. मुंबईच्या विमानात बसल्यापासून पाच-सहा दिवस गेलेले असले, की घरून सोबत आलेलं पडसं असेल तर ते बहुधा तोवर बाहेर दिसलेलं असतं.