पत्त्याचा पुरावा नसला तरी आधार : देहविक्रय करणाऱ्या महिलांसाठी अर्जाची पद्धत

घरवालीच्या, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईच्या खोलीचा भाडेकरार नसतो, विजेचं बिल तिसऱ्याच कुणाच्या नावावर असतं आणि कागदांसाठी गावी परतणं अनेकींना शक्य नसतं. मग आधार निघत नाही आणि बँक खात्यापासून सगळंच अडतं. सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मस्कर खटल्यात १९ मे २०२२ रोजी यातून वाट काढून दिली, तरी वस्त्यांमध्ये ती अजून पुरेशी पोहोचलेली नाही, याचं वाईट वाटतं.

नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या यादीत असलेली, पण पत्त्याचा पुरावा देऊ न शकणारी सज्ञान महिला अर्ज करू शकते. लागतं ते आधार प्राधिकरणाच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र. त्यावर नॅकोच्या राजपत्रित अधिकाऱ्याची किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांची सही हवी. पोलिसांच्या दाखल्याची अट नाही. सुरुवात वस्तीत येणाऱ्या टीआय (टार्गेटेड इंटरव्हेन्शन), म्हणजे एचआयव्ही प्रतिबंधाच्या प्रकल्पाच्या कार्यकर्तीपासून करावी. यादीत नाव आहे का, हे तिथे कळतं.

प्रमाणपत्र घेऊन नोंदणी केंद्रात जायचं. फोटो, दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची नोंद होते. पहिली नोंदणी मोफत आहे, एजंटाला एक रुपयाही देऊ नका. मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. घरवालीचा किंवा दलालाचा दिलात, तर प्रत्येक ओटीपी त्यांच्या हातात जाईल आणि पुढे खातंही. पूर्वी कधी आधार काढलं असेल आणि ते हरवलं किंवा कुणी अडकवून ठेवलं असेल, तर नवी नोंदणी करू नका, ती नाकारली जाते. ठशांवरून जुना नंबर शोधून मागा.

सगळ्यात मोठी भीती ओळख उघड होण्याची. फॉर्ममध्ये व्यवसायाचा रकानाच नाही, आणि धारक देहविक्रय करते हे दाखवणारा कोणताही कोड नोंदणी क्रमांकात टाकायचा नाही, असं न्यायालयाने स्पष्ट बजावलं आहे. खिडकीवर कुणी मोठ्याने धंदा विचारला, तर उत्तर देऊ नका.

रेशन कार्ड आणि मतदार ओळखपत्रही द्यावं, असा आदेश १४ डिसेंबर २०२१ चा आहे. आधारची तक्रार १९४७ वर करता येते. कोणत्याही कार्यालयाने अडवलं, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा; महिलांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो.