पडलेलं झाड "मेलेलं" नसतं

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन-मुरूडकडच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हापासून नाही तर त्याच्याही आधीपासून एक वाक्य ऐकतोय, "उभं झाड तोडताना जपायचं, पडलेल्याला काय, कुठूनही घाला करवत." हे साफ चुकीचं आहे.

पडलेल्या झाडात ताण भरलेला असतो, वाकवून धरलेल्या बांबूसारखा. खोड दोन्ही टोकांना टेकलं असेल तर वरची बाजू दाबली जाते नि खालची ताणली जाते, मग नुसतं वरूनच कापत गेलात की करवत अडकते, म्हणून आधी वरून थोडाच काप घ्यायचा आणि मग खालून पूर्ण करायचं, पण एकच टोक टेकलं असेल तर बरोबर उलटं. दबलेली फांदी सुटली की थेट तोंडावर येते.

आंबा, फणस मुळासकट उपटला असेल तर अजून भीती, कारण बुंधा कापल्यावर वरचं वजन जातं आणि मुळांचा गड्डा मातीसकट परत खड्ड्यात आदळतो. त्या खड्ड्यात पोरांना उतरू देऊ नका हो, प्लीज! आणि फांद्यांत वायर असेल तर लाईट गेलेली असली तरी हात लावायचा नाही, आधी वायरमन.