कांसचं (पावसाळी नाल्याचं), नदीचं पाणी तपासायला देताय? अर्ज परत का येतो ते आधी वाचा

पाऊस ओसरला आणि विश्वामित्री नदीचं पाणी उतरलं की मला फोन सुरू होतात, ताई आमच्या सोसायटीमागच्या कांसमधून रात्री लाल पाणी येतं, ताई बोअरच्या पाण्याला डांबरगोळीसारखा वास येतोय, कुठे तपासून मिळेल. मी बडोद्यातल्या एका लॅबमध्ये नमुने घ्यायच्या खिडकीवर अकरा वर्षं बसले आणि परत पाठवलेल्या बाटल्यांचं मला अजून वाईट वाटतं. माणसं अर्धी रजा टाकून, रिक्षाचं भाडं भरून येतात आणि चूक असते एवढीशी.

मुळात हे तीन वेगळे अर्ज आहेत आणि लोक तिन्हींची खिचडी करतात. पैसे भरून लॅबमध्ये पाणी तपासणं हा एक, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करून त्यांना नमुना घ्यायला लावणं हा दुसरा, आणि मंडळाकडे आधीच असलेले रिपोर्ट माहिती अधिकारात मागणं हा तिसरा.

लॅबसाठी पात्रता वगैरे काही नाही, कोणीही देऊ शकतं. कागद म्हणजे विनंतीचं पत्र, ओळखपत्र आणि लॅबचा फॉर्म. अडतं ते फॉर्ममधल्या एका रकान्यात, कोणत्या तपासण्या हव्यात तिथे. दहातले आठ जण लिहितात “सर्व केमिकल”. अशी तपासणी नसते हो. सीओडी म्हणजे डायक्रोमेट टाकून १५० अंशांवर दोन तास उकळून काढलेला आकडा, त्यातून सेंद्रिय घाण एकूण किती ते कळतं, कोणती ते कळत नाही. नाव पाहिजे असेल, म्हणजे अमुक कीटकनाशक आहे का, नॅप्थलीन आहे का, तर एकेक रसायन वेगळं करून ओळखणाऱ्या जीसी-एमएस मशीनवर जावं लागतं आणि तिथे आधी सांगावं लागतं काय शोधायचं, आणि खर्चही फार वाढतो. म्हणून पहिल्या फेरीला बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात तो आकडा), सीओडी, तेल-ग्रीस आणि फिनॉल हे विषारी रसायन एवढं मागा. बीओडी सीओडीच्या निम्म्याच्या आसपास असेल तर बहुतेक घरगुती सांडपाणी, सीओडी भरपूर आणि बीओडी अगदीच कमी असेल तर कारखान्याचा संशय घ्यायला जागा आहे, मग पुढच्या महागड्या तपासणीला पैसे घाला.

आता बाटली. सगळ्यात जास्त नमुने इथेच मरतात. एक आजोबा कोल्ड्रिंकच्या बाटलीत, नीट धुऊन, वर रबर लावून, पिशवीत गुंडाळून पाणी घेऊन आले होते, तेल-ग्रीस आणि कीटकनाशकांसाठी. तेल प्लास्टिकला आतून चिकटून बसतं आणि बाटलीतलं काहीबाही पाण्यात उतरतं, त्यामुळे आकडा तुमचा राहतच नाही. मी त्यांना नाही म्हटलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त बाटली उजेडाकडे धरून बघत बसले. तर तेल-ग्रीसला रुंद तोंडाची काचेची बाटली आणि त्यात ॲसिड, कीटकनाशक आणि डांबरवर्गीय रसायनांना गडद तपकिरी काचेची, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर असलेली, आणि या बाटल्या नदीच्या पाण्याने विसळायच्या नाहीत, सरळ भरायच्या. सॉल्व्हंटसाठी, म्हणजे थिनरसारख्या पटकन उडणाऱ्या रसायनांसाठी, ४० मिलीची छोटी शिशी, उलटी केली तर आत एकही बुडबुडा दिसता कामा नये. या बाटल्या लॅबकडूनच मागून घ्या, बहुतेक लॅब देतात. आणि विश्वामित्रीत मगरी आहेत हे बाहेरून आलेल्या भाडेकरूंनाही सांगा, काठावर उतरू नका, पुलावरून दोरीला स्टीलची बादली बांधून सोडा.

मुदत लोक हमखास चुकीची वाचतात. लॅबच्या कागदावर असतं “७ दिवसांत एक्स्ट्रॅक्शन”, म्हणजे पाण्यातून रसायन वेगळं काढून घेणं, लोकांना वाटतं आपण नमुना दिल्यापासून सात दिवस, तर तसं नाही, बाटली भरली त्या मिनिटापासून घड्याळ चालू. कोणी रविवारी भरतो, फ्रिजमध्ये ठेवतो, पुढच्या शनिवारी आणतो, मग लॅबच्या हातात एक दिवस उरतो आणि ते नको म्हणतात. बीओडीला तर तेवढीही सवड नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी द्या. शिवाय आपल्याकडे बीओडी २७ अंशांवर तीन दिवसांची असते, गुरुवारी लावली तर वाचायचा दिवस रविवार, म्हणून आठवड्याच्या शेवटी नेण्याआधी फोन करून विचारा. भरल्याची तारीख-वेळ बाटलीवरच्या चिठ्ठीवर लिहा, पेन्सिलने, बर्फात शाई पसरते.

एनएबीएलचं, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, चिन्ह बघून खूश होऊ नका, मान्यता तपासणीनुसार असते. लॅबला पाण्यातल्या सीओडीसाठी असेल आणि तुमच्या कीटकनाशकासाठी नसेल असं सर्रास होतं, त्यांचा स्कोप, म्हणजे मान्यता असलेल्या तपासण्यांची यादी, मागून बघा. रिपोर्टवर “नमुना ग्राहकाने आणला” असं छापलं की समोरचा माणूस म्हणणार कुठलं पाणी कोणाला माहीत, त्यामुळे जमत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन लॅबच्याच माणसाला घ्यायला बोलवा.

रिपोर्ट हातात आला की दोन घोळ होतात. “बीडीएल” म्हणजे शून्य नव्हे, मशीनला दिसलं नाही एवढंच, त्याची खालची मर्यादा किती ते शेजारी बघा. आणि कोणत्या आकड्याशी ताडून बघायचं ते. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा बीओडी ३०, सीओडी २५०, तेल-ग्रीस १० आणि फिनॉल १ मिलिग्रॅम प्रति लिटर, कारखान्याच्या परवान्यात वेगळीही असू शकते. पण ती पाइपच्या तोंडाशी. नदीतल्या पाण्याला ३० लावून “मर्यादेत आहे” म्हणून लोक गप्प बसतात आणि माझा जीव तुटतो, कारण नदीत अंघोळीच्या पाण्याची बीओडी ३ पेक्षा जास्त नको. विश्वामित्री केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नद्यांच्या २०१८ च्या यादीत पहिल्या, म्हणजे सगळ्यात वाईट गटात होती.

आता तक्रार. तुमची बाटली कितीही जपून भरली तरी कारखान्याविरुद्ध कायदेशीर नमुना म्हणून ती चालत नाही. १९७४ च्या पाणी कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना अधिकाऱ्यानेच घ्यायचा, जागेवरच नोटीस द्यायची, समोरच्याच्या देखत दोन भाग करायचे, सील, दोघांच्या सह्या. तुमचा रिपोर्ट जोडायचा तो फक्त अधिकाऱ्याला तिथे आणण्यासाठी. तक्रारीत “केमिकलचं पाणी येतं” एवढंच लिहिलं तर कोणीतरी दुपारी बाराला येतो, कांस कोरडी बघतो आणि तक्रार बंद. फार चीड येते, पण आपणही त्यांना निमित्त देतो. वार आणि वेळ लिहा, गेले तीन मंगळवार रात्री ११ ते २ अशी. जागेचा सर्व्हे नंबर मागतील, तो कोणाकडेच नसतो, त्यासाठी अडून बसू नका, मोबाईलवरचं लोकेशन, जवळच्या पुलाचं नाव आणि पाइपचा फोटो द्या आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.

माहिती अधिकारात तीन ठिकाणी अडतं. गुजरातमध्ये फी २० रुपये आहे, लोक केंद्र सरकारसारखी १० ची पोस्टल ऑर्डर लावतात. दुसरं, सोसायटीच्या लेटरपॅडवर लिहू नका, हक्क नागरिकाला आहे, अध्यक्षांनी स्वतःच्या नावाने सही करावी. तिसरं आपल्या बडोद्यातल्या मराठी लोकांचं, दांडिया बाजारातल्या एका काकांनी मोत्यासारख्या अक्षरात दोन पानी मराठी अर्ज केला आणि तो परत आला. कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा आहे, म्हणजे इथे गुजराती. लिपी तीच आहे, हिंदीत लिहा. “नदी घाण का आहे” असं विचारू नका, नदीवरच्या अमुक तपासणी केंद्राचे अमुक महिन्यांचे विश्लेषण अहवाल द्या असं मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

आणि कोणाला पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, म्हणजे आपल्यासाठी पुण्याच्या खंडपीठात जायचं मनात असेल तर त्याच्या कायद्यातल्या कलम १४ ची मुदत सहा महिने आहे, रिपोर्ट हातात आल्यापासून नाही, वादाचं कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून, वर फार तर ६० दिवसांची सवलत. म्हणून लाल पाण्याचा पहिल्या दिवशीचा फोटो तारखेसकट जपून ठेवा आणि वकिलाकडे जाताना तोच सगळ्यात आधी दाखवा.