व्हीईजीएफ रक्तचाचणी : नमुना देण्याआधी वाचा

कॅन्सरची गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला स्वतःचा रक्तपुरवठा लागतो. ऑक्सिजन कमी पडू लागला की तिच्या पेशी व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतात आणि जवळच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटतात. रक्तात हे प्रथिन किती आहे, ते ही चाचणी मोजते. मोजमाप पिकोग्रॅममध्ये असते. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक म्हणजे पिकोग्रॅम.

कॅन्सर आहे की नाही, हे मात्र या चाचणीवरून ठरत नाही. जखम भरत असेल, सांधे सुजवणारा आमवात किंवा सोरायसिस असेल, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) वाढलेल्या असतील, तरी आकडा चढतो. उलट, कॅन्सर असूनही तो नॉर्मल येऊ शकतो. म्हणून 'एकदा बघून टाकू' एवढ्यासाठी पैसे घालवू नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही ही चाचणी करत नाही.

तिचा सर्वांत पक्का उपयोग पोएम्स या प्लाझ्मा पेशींच्या (अस्थिमज्जेतील एक प्रकारच्या पेशींच्या) दुर्मीळ आजारात होतो. पायांना मुंग्या येतात, ताकद कमी होते, पाय सुजतात, कातडी काळवंडते आणि बरेचदा नुसता मज्जातंतूंचा आजार समजून उपचार चालू राहतात. अशा वेळी प्लाझ्मातील, म्हणजे न गोठलेल्या रक्ताच्या पातळ भागातील, पातळी २०० पिकोग्रॅम प्रति मिलीच्या वर असेल, तर निदानाला बळ मिळते. उपचार लागू पडले की आकडा उतरतो.

चूक होते ती बहुधा नमुन्यात. प्लेटलेटच्या पोटात व्हीईजीएफ साठवलेले असते आणि रक्त गोठताना ते बाहेर पडते. त्यामुळे लाल टोपणाच्या ट्यूबमधील सीरमचा (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पातळ भागाचा) आकडा प्लाझ्मापेक्षा बराच जास्त येतो. आम्ही जांभळ्या टोपणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए ट्यूबमध्ये ३ मिली रक्त घेतो. ट्यूब ८ ते १० वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करतो. जोरात हलवली तर प्लेटलेट फुटतात. ३० मिनिटांच्या आत ती सेंट्रिफ्यूज यंत्रात १००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १००० पट) जोराने १५ मिनिटे फिरवतो. वरचा पिवळसर प्लाझ्मा काढताना तळाचा थोडा तसाच सोडतो, कारण पिपेट खाली गेली की प्लेटलेट सोबत येतात. मग तोच प्लाझ्मा थंड ठेवून १०,००० जी जोराने आणखी १० मिनिटे फिरवतो. एवढे घरी होत नाही, म्हणून या चाचणीसाठी घरी येऊन रक्त घेत नाही. लॅबमध्येच यावे लागेल. रक्त घेताना दंडाचा पट्टा मिनिटाच्या आत सोडतो. सुई वारंवार टोचावी लागली किंवा ट्यूबमध्ये बारीकशी जरी गुठळी दिसली, तरी तो नमुना टाकून देतो.

बेव्हॅसिझुमॅब हे कॅन्सरवरचे औषध चालू असेल, तर आधी सांगा. हे औषध व्हीईजीएफला धरून ठेवते, पण चाचणीची बरीच किट्स धरलेले प्रथिनही मोजतात. मग औषध काम करत असतानाही आकडा वाढलेला दिसतो आणि घरचे घाबरतात. शरीरातले औषध निम्मे व्हायला सुमारे २० दिवस लागतात, त्यामुळे शेवटच्या डोसची तारीख फॉर्मवर लिहाच. अलीकडे ऑपरेशन झाले असेल, तर त्याचीही.

सोबत जुना रिपोर्ट आणि ताजा प्लेटलेट काउंट आणा. जुन्या रिपोर्टवर सीरम लिहिले आहे की प्लाझ्मा, ते पाहा. सीरम असेल, तर तो आकडा आमच्या आकड्याशी ताडून पाहू नका. दुसऱ्या लॅबचा प्लाझ्मा असला, तरी किट वेगळे असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढ-घट ठरवू नका.