समुद्रानं गाव नेलं, खासदार तसेच राहिले

जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ ला निघाली, तेव्हापासून मराठवाड्यातही मतदारसंघांच्या फेररचनेवर पुन्हा बोलणं सुरू झालंय. आपल्याकडे हा विषय नाजूक आहे. २००८ च्या फेररचनेत लातूर लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला आणि तोवर राखीव असलेला उस्मानाबाद खुला झाला. आजही लातूर जिल्ह्यातलं औसा आणि सोलापूर जिल्ह्यातली बार्शी लोकसभेला धाराशिवसोबत मत देतात. त्यामुळे 'एकदा आखलेल्या हद्दी पुन्हा पुन्हा कशाला हलवता, राहू द्या की कायमच्या' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. हद्द कायमची ठेवली तर काय होतं, याचं जगातलं सगळ्यात टोकाचं उदाहरण इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. त्या गावाचं नाव डनिच. तिथली निवडणूक समजून घ्यायची तर आधी समुद्र समजून घ्यावा लागतो, आणि खरं सांगायचं तर मला त्यातला समुद्रच जास्त प्रिय आहे.

डनिच सफोक परगण्यात, उत्तर समुद्राच्या काठावर आहे. मध्ययुगात ते भरभराटीचं बंदर होतं. ११९९ साली राजा जॉननं त्याला सनद दिली आणि १२९८ पासून हे गाव संसदेत दोन प्रतिनिधी पाठवू लागलं. त्या काळी त्यात वावगं काही नव्हतं. गोदी होती, व्यापार होता, अनेक चर्च होती. पण धोक्याची नोंद त्याच्या दोनशे वर्षं आधीच झालेली होती. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या जुन्या जमीन पाहणीत, डनिचबद्दल लिहिलंय की पूर्वी इथं दोन नांगरांची जमीन होती, आता एकच उरली, दुसरी समुद्रानं नेली.

समुद्र जमीन नेतो कशी? पहिला मुद्दा दगडाचा. आपला देवगिरी किंवा वेरूळचा डोंगर ज्या बेसाल्टचा आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, थिजलेल्या लाव्हाचा घट्ट खडक. डनिचचा किनारी कडा मात्र वाळू आणि गोट्यांचा आहे. साधारण वीस लाख वर्षांपूर्वी उथळ समुद्रानं साठवलेला हा गाळ अजून पुरता खडकही झालेला नाही. खळ्यावर ज्वारीच्या राशीच्या पायथ्याशी पाटी खुपसली की वरची ज्वारी आपोआप घसरते आणि रास पुन्हा आपल्या ठरलेल्या उतारावर येऊन थांबते. कड्याचंही तसंच. लाट कड्याच्या माथ्याला कधीच शिवत नाही. ती फक्त पायथा ओढून नेते, उरलेलं काम गुरुत्वाकर्षण करतं.

पण मग हे रोज का होत नाही? डनिचचा कडा शतकांच्या हिशेबात वर्षाला सरासरी मीटरभर मागे सरकला, असं सांगितलं जातं. ही सरासरी फसवी आहे. कित्येक वर्षं काहीच घडत नाही आणि मग एका रात्रीत घरांची अख्खी ओळ जाते. १२८६-८७ च्या हिवाळी वादळांत असंच झालं, १३२८ ला झालं, १३४७ ला झालं. याचं कारण लाटेच्या एका साध्या नियमात आहे.

लाट उथळ पाण्यात आली की तिचा तळाकडचा भाग मंदावतो, माथा पुढे झेपावतो आणि ती फुटते. किती खोलीवर फुटेल, याचा ढोबळ आकडा ठरलेला आहे. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या सुमारे ०.७८ पट झाली की फुटणं आलंच. म्हणजे एक मीटर खोल पाण्यात पाऊण मीटरहून फार मोठी लाट उभीच राहू शकत नाही. बाहेर समुद्रात चार मीटरच्या लाटा उसळत असल्या तरी त्या दूरवर फुटतात, आणि किनाऱ्याच्या उतरत्या पुळणीवर घासत, दमून कड्यापर्यंत येतात. नेहमीच्या भरतीला कड्याच्या पायथ्याशी पाणीच नसतं. पुळण हीच कड्याची खरी तटबंदी.

आता कल्पना करा की समुद्राची पातळीच दोन मीटरनं वर आली. पायथ्याशी दोन मीटर पाणी झालं, म्हणजे तिथं आता दीड मीटरची लाट न फुटता पोचू शकते. लाटेतली ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दर चौरस मीटरमागे पाण्याची घनता, गुरुत्वत्वरण आणि उंचीचा वर्ग यांचा गुणाकार करून आठनं भागा. ०.७८ मीटरच्या लाटेसाठी सुमारे ७६५ जूल येतात, १.५६ मीटरच्या लाटेसाठी सुमारे ३०६०. खोली दुप्पट झाली की उंची दुप्पट आणि ऊर्जा चौपट. खोली तिप्पट झाली की ऊर्जा नऊपट. पाणी थोडंसं वर येणं आणि कडा कोसळणं यांचं नातं सरळ रेषेचं नसून वर्गाचं आहे. शाळेत वर्गाचा आलेख काढताना हे उदाहरण दिलं तर मुलं तो जन्मात विसरणार नाहीत.

मग पाणी दोन मीटर वर येतं कुठून? उत्तर समुद्राचा आकार पाहा. उत्तरेला तो अटलांटिकला खुला, रुंद आणि शंभर मीटरहून खोल. दक्षिणेकडे तो निमुळता होत जातो आणि इंग्लंड-फ्रान्समधल्या तेहतीसेक किलोमीटरच्या चिंचोळ्या डोव्हर सामुद्रधुनीशी संपतो. तिथं खोली तीस-चाळीस मीटर. हिवाळ्यात कमी दाबाचं वादळ वरून सरकतं तेव्हा तीन गोष्टी एकत्र येतात. हवेचा दाब एक मिलिबारनं घटला की समुद्र सुमारे एक सेंटिमीटर फुगतो. चाळीस मिलिबारची घट म्हणजे चाळीस सेंटिमीटर, यापेक्षा फार नाही. खरी भर वाऱ्याची. उत्तरेचा वारा पाणी दक्षिणेला रेटतो आणि त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागाला येणारा चढ खोलीच्या व्यस्त प्रमाणात असतो. शंभर मीटर खोलीवर जो वारा जेमतेम चढ निर्माण करतो, तोच तीस मीटरवर तिपटीहून जास्त चढ निर्माण करतो. आणि तिसरी गोष्ट पृथ्वीच्या फिरण्याची. उत्तर गोलार्धात वाहतं पाणी उजवीकडे झुकतं. दक्षिणेकडे निघालेल्या पाण्याची उजवी बाजू म्हणजे पश्चिम, म्हणजेच इंग्लंडचा किनारा. त्यामुळे पाण्याचा हा उंचवटा किनाऱ्याला चिकटून, स्कॉटलंडपासून खाली सफोकपर्यंत काही तासांत प्रवास करत येतो. किनाऱ्याला टेकून धावणाऱ्या अशा लाटेला समुद्रशास्त्रात केल्विन लाट म्हणतात. हा उंचवटा नेमका अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला गाठून आला, की अनर्थ. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री असंच झालं. पाणी अपेक्षित भरतीपेक्षा दोन मीटरहून जास्त चढलं. इंग्लंडात ३०७ आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली.

डनिचचं आणखी एक नुकसान लाटांच्या तिरकेपणामुळे झालं. लाट किनाऱ्याला तिरकी येते, वाळूचा कण तिरका वर नेते, पण परत जाणारं पाणी उतारानं सरळ खाली येतं. कण प्रत्येक लाटेला थोडा बाजूला सरकतो. अशी वर्षानुवर्षं सरकलेली गोटेवाळू नदीच्या मुखापुढे दांड्यासारखी वाढत गेली. १३२८ च्या वादळात तिनं बंदराचं तोंड बुजवलं आणि नदीनं उत्तरेला दुसरी वाट धरली. जहाजं गेली, व्यापार गेला. घरं समुद्रानं नेली त्याच्या कितीतरी आधी गावाची कमाई वाळूनं नेली होती.

वर्तमानपत्रं डनिचला 'ब्रिटनचं अटलांटिस' म्हणतात. अटलांटिस म्हणजे ग्रीक दंतकथेतलं समुद्रात बुडालेलं बेट. त्यावरून लोकांना वाटतं की अख्खं शहर, मनोरे नि रस्त्यांसकट, पाण्याखाली शाबूत उभं आहे. वादळी रात्री बुडालेल्या चर्चच्या घंटा ऐकू येतात, ही कथा तर तिथल्या पर्यटनाचं भांडवलच आहे. यातलं काहीच भौतिकशास्त्राला धरून नाही. ते शहर बुडालं नाही, कड्यावरून कोसळलं. प्रत्येक इमारत दगडांच्या ढिगाच्या रूपात खाली आली. सेंट पीटर चर्चसारख्या ठिकाणी कडा जवळ येताना दिसताच लोकांनी घंटा, शिसं नि लाकूड आधीच काढून नेलं होतं. शेवटचं ऑल सेंट्स चर्च १९०४ ते १९१९ या काळात तुकड्यातुकड्यानं पडलं आणि त्याची छायाचित्रंही उपलब्ध आहेत. आपल्याकडेही मोठी आपत्ती आली की कुणाच्या तरी कोपाची नि शापाची गोष्ट जोडली जाते. त्या गोष्टींमुळे मोजमाप करायचं राहून जातं, आणि पुढच्या वेळी माणसं मोजमाप नसल्यामुळेच मरतात.

आता निवडणूक. गाव आक्रसत गेलं, पण १२९८ ला मिळालेल्या दोन जागा आक्रसल्या नाहीत. कारण मताचा हक्क तिथल्या लोकसंख्येला जोडलेलाच नव्हता. तो सनदेनं उभ्या राहिलेल्या नगरसंस्थेच्या 'फ्रीमन' सदस्यांना होता, आणि फ्रीमन होण्यासाठी गावात राहण्याची अट पक्की नव्हती. ज्याच्या हातात संस्था, त्याच्या हातात जागा. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सर जॉर्ज डाउनिंग इथून वर्षानुवर्षं निवडून येत होते. केंब्रिजचं डाउनिंग कॉलेज पुढे उभं राहिलं ते त्यांच्याच इस्टेटीतून. नंतर बार्न आणि व्हॅनेक या दोन घराण्यांनी एकेक जागा वाटून घेतली. १८३१ च्या सुमाराला वस्ती अडीचशेच्या आत होती, मतदार तिसेक. त्याच वेळी लाखाहून जास्त वस्तीच्या, गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरला स्वतःचा एकही खासदार नव्हता. १८३२ च्या सुधारणा कायद्यानं असे ५६ मतदारसंघ पूर्ण रद्द केले. त्यात डनिच होतं. ५३४ वर्षांनी त्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या.

आपला कायदा या बाबतीत फार विचारपूर्वक लिहिलेला आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० चं कलम २० सांगतं की एखाद्या ठिकाणी नुसतं घर मालकीचं आहे एवढ्यावरून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. गावात न राहताही तिथं मत देण्याची डनिचची पळवाट या एका वाक्यात बंद होते. त्याच कलमात असंही आहे की तात्पुरतं बाहेरगावी गेल्यानं रहिवास संपत नाही. बीडचा ऊसतोड कामगार सहा महिने कारखान्याच्या फडात असला तरी यादीतलं त्याचं नाव गावी टिकतं, ते याच तरतुदीच्या आधारानं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी-सास्तूर भागातली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जायकवाडीच्या नाथसागरात गावं गेली, तेव्हाही माणसं उठून दुसरीकडे गेली. मत माणसाबरोबर गेलं. जुन्या गावठाणाला, पाण्याखालच्या पांढरीला मत उरलं नाही.

जागांच्या संख्येचं मात्र असं नाही. ४२व्या घटनादुरुस्तीनं १९७६ साली राज्यांच्या वाट्याच्या लोकसभा जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या आणि ८४व्या दुरुस्तीनं ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. त्याला कारण होतं: लोकसंख्या आवरणाऱ्या राज्यांना शिक्षा होऊ नये. हे कारण मला आजही पटतं. पण माणसं थांबत नाहीत. २०२४ ला हैदराबादच्या उपनगरांतल्या मलकाजगिरीत ३७ लाखांहून जास्त मतदार होते आणि लक्षद्वीपमध्ये ५८ हजारांच्या आत. लक्षद्वीपची गोष्ट वेगळी आहे, समुद्रातल्या त्या बेटांना आवाज मिळावा म्हणून ती जागा जाणूनबुजून दिलेली आहे. मलकाजगिरी मात्र केवळ वेळेवर न मोजल्यानं फुगलं. तिथल्या वस्तीत आपल्या नांदेडकडून पोटापाण्यासाठी गेलेली माणसंही आहेत. दर दहा वर्षांनी थोडंथोडं सरकवलं असतं तर आज एवढा मोठा प्रश्न एकदम अंगावर आला नसता, असं माझं स्पष्ट मत आहे.

आजचं डनिच दोनशेच्या आतल्या वस्तीचं खेडं आहे. १९८३ साली झालेल्या सफोक कोस्टल मतदारसंघात ते येतं. तिथून २०१० पर्यंत हुजूर पक्षाचे जॉन गमर निवडून येत होते. ते पर्यावरणमंत्री होते आणि पुढे ब्रिटनच्या हवामान बदल समितीचे अध्यक्षही झाले. २०२४ मध्ये ही जागा मजूर पक्षाकडे गेली. बुडालेल्या भागाचा नकाशा साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या प्रा. डेव्हिड सिअर यांच्या चमूनं ध्वनिलहरी वापरून काढला आणि २०१३ मध्ये जाहीर केला. तिथं पाणी तीन ते दहा मीटर खोल असलं तरी इतकं गढूळ आहे की पाणबुड्याला स्वतःचा हात दिसत नाही. ध्वनीला त्या गढूळपणाची अडचण फारशी होत नाही.

गेल्या शंभरेक वर्षांत डनिचचा कडा पूर्वीच्या मानानं बराच सावकाश झिजतोय. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर समुद्रात वाळूचे लांब उंचवटे आहेत. खोलीचा तोच ०.७८ चा नियम इथं उलट बाजूनं उपयोगी पडतो: मोठ्या लाटा त्या उंचवट्यांवरच फुटतात आणि कड्यापर्यंत छोट्या पोचतात. हे उंचवटे वाळूचेच असल्यानं तेही सरकतात, वाढतात, झिजतात. दक्षिणेला काही किलोमीटरवर साइझवेलचं अणुवीज केंद्र आहे. त्यामुळे त्या उंचवट्यांची खोली आता वारंवार मोजली जाते.