लेबलावरचे तीन बिट

फोनवरचं बोलणं नेटवर्कमधून जातं ते बारीक तुकड्यांनी. जी.711 या जुन्या आणि सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत 20 मिलिसेकंदांचा आवाज बहुधा एका पॅकेटात बसवतात: 160 बाइट आवाज, वर 40 बाइट पत्ते वगैरे. सेकंदाला अशी 50 पॅकेटं निघतात. 10 मेगाबिटच्या लिंकवर त्यातलं एक पॅकेट 0.16 मिलिसेकंदात बाहेर पडतं. पण त्याच्या पुढे एखाद्या मोठ्या फाइलची 1500 बाइटांची 100 पॅकेटं उभी असली, तर प्रत्येकाचे 1.2 मिलिसेकंद धरून त्याला 120 मिलिसेकंद ताटकळावं लागतं. एका बाजूचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत राहिला तर सहसा बोलण्यात अडथळा येत नाही, असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.114 ही शिफारस सांगते. इथे एकाच राउटरच्या (पॅकेटं पुढे पाठवणाऱ्या यंत्राच्या) रांगेत त्यातला बहुतेक वेळ खर्च झाला.

म्हणून कुणाला आधी सोडायचं हे राउटरला कळावं यासाठी पॅकेटावर खूण करतात. आयपी हेडरमध्ये, म्हणजे पत्ते असलेल्या सुरुवातीच्या भागात, त्यासाठी 6 बिटांची जागा आहे, तिला डीएससीपी म्हणतात. 1998 साली ठरलेल्या या पद्धतीत 64 वेगवेगळ्या खुणा करता येतात. आवाजासाठी रूढ असलेली खूण 46.

मोठ्या सेवादात्यांच्या नेटवर्कमध्ये मात्र मधले राउटर आयपी हेडर उघडतच नाहीत. एमपीएलएस या पद्धतीत पॅकेट आत शिरतानाच त्याच्यावर एक लेबल चढतं आणि पुढचे सगळे राउटर तेवढंच वाचतात. हे लेबल 32 बिटांचं: 20 बिट लेबलाच्या क्रमांकाला, 8 बिट पॅकेट फिरत राहू नये म्हणून ठेवलेल्या मोजणीला, 1 बिट ‘याच्याखाली आणखी लेबल आहे की नाही’ हे सांगायला. उरले 3. सुरुवातीला त्यांचं नाव होतं ‘एक्सपेरिमेंटल’, म्हणजे प्रयोगासाठी राखलेले. पॅकेटाला कोणत्या दर्जाची वागणूक द्यायची हे दाखवण्याचं काम त्यांच्यावर कधीच येऊन पडलं होतं, तरी ‘ट्रॅफिक क्लास’ हे खरं नाव मिळायला 2009 उजाडलं. राउटरच्या कमांडमध्ये आजही जुनंच नाव भेटतं, आणि नवा माणूस तिथे हमखास अडखळतो.

आता 6 बिटांतलं 3 बिटांत कसं मावायचं? बऱ्याच राउटरवर, आपण वेगळं काही सांगितलं नाही तर, डीएससीपीचे पहिले तीन बिट उचलून लेबलावर ठेवले जातात. 46 म्हणजे 101110, त्यातले 101 घेतले की 5. आवाजाचं काम छान झालं. पण 26 (011010) आणि 30 (011110) या दोघांचेही 3 होतात. हे दोन्ही एकाच वर्गातले. फरक इतकाच, की गर्दी झाली तर 30 आधी टाकून द्यायचं आणि 26 शक्य तितकं वाचवायचं. लेबलावर तो फरक पुसला गेला. मला यात फार मोठं नुकसान दिसत नाही, कारण मधल्या नेटवर्कमध्ये चार-पाच वर्ग नीट सांभाळले तरी पुष्कळ झालं. फक्त कशाचं काय करायचं हे आपण ठरवून लिहावं, राउटरच्या सवयीवर सोडू नये.

लिहायची जागा म्हणजे ग्राहकाकडून पॅकेट जिथे आत येतं तो पहिला राउटर. तिथे वर्ग ओळखायचे आणि लेबल चढवताना कोणत्या वर्गाला कोणता आकडा द्यायचा ते सांगायचं. ग्राहकाने स्वतः केलेल्या खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. सगळ्याच पॅकेटांवर 46 लिहिलं असेल, तर आवाजाला वाट कुणी द्यायची? 5 च्या वर्गाला ठरलेली मर्यादा घालून वरचं अडवावंच लागतं. आणि खूण केली एवढ्याने काहीच होत नाही. वाटेतल्या प्रत्येक राउटरवर 5 साठी वेगळी, आधी रिकामी होणारी रांग लागते. एका ठिकाणी ती राहून गेली, की वरचे 120 मिलिसेकंद तिथे हजर.

सगळ्यात फसवी जागा शेवटी येते. शेवटच्या राउटरला दोनदा शोधाशोध करावी लागू नये, म्हणून सहसा त्याच्या आधीचा राउटरच वरचं लेबल काढून टाकतो. लेबल गेलं की त्यावरचे तीन बिटही गेले. समजा, ग्राहकाच्या पॅकेटवर डीएससीपी 0 होता आणि आपण आत घेताना लेबलावर 5 लिहिलं. लेबल एकच असेल, तर शेवटच्या लिंकवर दिसतो तो पुन्हा 0. लेबलं दोन असली तरी सुटका होईलच असं नाही. वाटेत फक्त वरच्या लेबलावरच्या तीन बिटांचा आकडा बदलला असेल, तर ते लेबल निघाल्यावर खालचा जुना आकडा वर येतो.

यावर उपाय आहे: शेवटचा राउटर आधीच्याला सांगतो, ‘लेबल काढू नकोस, क्रमांक 0 चं लावून पाठव.’ या लेबलात वाट दाखवणारं काहीच नसतं, पण तीन बिट सुखरूप पोचतात. सेवादात्याने ग्राहकाचा डीएससीपी जसाच्या तसा परत करावा आणि आपली खूण लेबलापुरती ठेवावी, हे मला रास्त वाटतं. दोन्ही टोकं एकाच संस्थेची असतील तर गोष्ट वेगळी. तिथे लेबलावरचा बदल खाली डीएससीपीत उतरवणं सोयीचं.

बिघाड शोधताना मधल्या राउटरवर वर्ग 5 ची मोजणी वाढताना दिसते, सगळं ठीक वाटतं, आणि कॉल तरी तुटक येतो. अशा वेळी शेवटून दुसऱ्या राउटरवर जाऊन बाहेर जाणाऱ्या लिंकचे आकडे पाहावेत. 5 ची रांग तिथे रिकामी आणि सर्वसाधारण रांग वाढत असेल, तर खूण त्याच राउटरवर लेबलाबरोबर निघून गेलेली असते.