रेजेक्सला ‘पाणी’ का सापडत नाही: पार्श्वभूमी

ग्रेप, म्हणजे फायलींतून पॅटर्नला जुळणाऱ्या ओळी काढून देणारी आज्ञा, कसं चालवायचं हे इथे सांगायला नको. या साधनाच्या मुळाशी असलेली रेजेक्सची कल्पना, म्हणजे शोधायच्या मजकुराचा आकार खुणांनी सांगणारा पॅटर्न, १९५० च्या दशकात चेतापेशींच्या गणिती अभ्यासातून आली. १९६८ मध्ये मजकूर शोधण्यासाठी ती वापरण्याची पद्धत छापून आली. दिलेल्या पॅटर्नपासून थेट आयबीएम ७०९४ या यंत्राचा मशीन कोड तयार करायचा, अशी ती पद्धत होती. १९७३ पर्यंत युनिक्सवर ग्रेप ही स्वतंत्र आज्ञा आली. इथवर सगळा कारभार इंग्रजी मजकुराचा.

आज आपण ज्याला रेजेक्स म्हणतो ती बोली मात्र बरीचशी पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेची आहे. पर्ल १९८७ चं. १९९२ मध्ये रेजेक्सचं अधिकृत मानक ठरलं, त्यात साधी आणि विस्तारित अशा दोन बोली मान्य झाल्या, पण प्रोग्रॅमरांनी उचलली ती पर्लचीच. १९९७ मध्ये तिची नक्कल करणारी पीसीआरई ही लायब्ररी आली आणि ती बोली असंख्य प्रोग्रॅममध्ये जाऊन बसली. तिच्यासोबत गेली ‘बॅकस्लॅश-डब्ल्यू’ ही खूण: शब्दात येऊ शकणारं कोणतंही चिन्ह. म्हणजे काय, तर इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर. बोलण्यालिहिण्यातल्या शब्दात अंडरस्कोअर कधी येत नाही. तो येतो व्हेरिएबलच्या नावात. व्याख्या कोणासाठी केली होती हे त्यावरूनच दिसतं.

इकडे देवनागरी १९९१ मध्ये युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना कोड देणाऱ्या मानकाच्या, पहिल्याच आवृत्तीत आली. मांडणी १९८८ च्या इस्की या भारतीय मानकावरून घेतलेली: व्यंजनाला एक कोड, काना-मात्रा-वेलांटीला वेगळे, हलन्तालाही वेगळा. मांडणी चांगलीच आहे. पण युनिकोडच्या वर्गवारीत व्यंजन ‘अक्षर’ ठरलं आणि काना ‘जोडचिन्ह’.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रमाण रेजेक्स लायब्ररीने बॅकस्लॅश-डब्ल्यूमध्ये अक्षरं आणि अंक घेतले, जोडचिन्हं सोडली. परिणाम हातानेच करून बघावा. ‘मराठी’ या शब्दातून सलग शब्दचिन्हं मागितली तर ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे हातात येतात. शब्दाची सीमा दाखवणारी बॅकस्लॅश-बी ही खूण याच व्याख्येवर उभी आहे, त्यामुळे तिथे तर उलटंच घडतं. दोन्ही बाजूंना सीमा लावून ‘पाणी’ शोधलं तर ‘पाणी आलं’ या वाक्यात काहीच मिळत नाही, कारण दुसरी वेलांटी आणि पुढची मोकळी जागा या दोन्ही शब्दाबाहेरच्या ठरतात. पण ‘पाणीपुरवठा’मध्ये ते सापडतं. हवा तो शब्द सुटतो आणि नको तो हाती लागतो.

जोडचिन्हं शब्दात धरावीत, असं युनिकोडच्या रेजेक्सविषयक मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे. पायथन ते पाळत नाही, ही तक्रार २०११ मध्येच नोंदवली गेली. त्याच वर्षी आलेल्या जावा ७ ने यासाठी वेगळा फ्लॅग (हवा तर चालू करायचा पर्याय) दिला; पर्ल तर जोडचिन्हं धरतंच. जावास्क्रिप्टची बॅकस्लॅश-डब्ल्यू अजून इंग्रजीपुरतीच आहे. बदलाविरुद्धचा मुद्दा असा की व्याख्या हलवली तर चालू प्रोग्रॅम मोडतील. मुद्दा खरा आहे. पण जे प्रोग्रॅम मराठी, हिंदी, नेपाळी मजकुरावर आजही चुकीचं उत्तर देतात ते मोडलेलेच आहेत, फक्त एरर येत नाही म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पायथनवाल्यांना सध्या बाहेरची ‘रेजेक्स’ नावाचीच लायब्ररी घ्यावी लागते.

आणि ती घेतली तरी मराठीचे दोन खास प्रश्न उरतात. ‘ॲ’ला स्वतंत्र कोड २००८ मध्ये, युनिकोड ५.१ मध्ये मिळाला. त्याआधीच्या फायलींत तोच स्वर ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला असतो आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच चिन्हाची वेगवेगळी रूपं एक करण्याची प्रक्रिया) या दोघांना एक मानत नाही. ‘वऱ्हाड’मधला अर्धा र नुक्तावाल्या (खाली टिंब असलेल्या) र ला हलन्त देऊन येतो, तसाच साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक मिळूनही येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. जुना मजकूर धुंडाळणाऱ्याने पॅटर्नमध्ये दोन्ही रूपं पर्याय म्हणून द्यावीत, किंवा शोधाआधी सगळ्या फायली एकाच रूपात आणून घ्याव्यात.